नळाची उंची

"आज टाकी भरली नाही, तर उद्याच्या पाहुण्यांना वैजापूरलाच थांबा म्हणून कळवीन," दमयंतीबाईंनी चहा देता देता बजावलं. "आणि परवा मोटार आणीन. मग तुमची तत्त्वं घाला पिंपात!"

लक्ष्मणराव भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दुष्काळाच्या त्या वर्षांत आठवड्यातून एकदा नळ यायचा. नळालाच मोटार लावून पाणी ओढणं म्हणजे उघड चोरी, असं मानणारे गल्लीत ते एकटेच. त्यामुळे सगळ्यांच्या टाक्या भरत आणि यांची टाकी ऊन खात बसे. पण उद्या डॉक्टर लेकीला, नीरजाला, बघायला मंडळी येणार होती, तीही मुक्कामाला.

नळ आला. लक्ष्मणरावांनी गवंड्याची पारदर्शक नळी त्याला क्लिपनं करकचून आवळली आणि दुसरं टोक उंच धरून ते अंगणात उभे राहिले. नळीतलं पाणी छातीपर्यंत चढून थांबलं.

"चार फूट!" ते शेजारच्या मुंजाबाला म्हणाले. "नळाला जितका दाब, तितक्या उंच पाणी. माझी टाकी आठ फुटांवर आहे. उरलेला दाब तुमच्या मोटारी खातात."

मुंजाबा पाचोडकडचा धनगर, शेरडांसकट शहरात येऊन स्थायिक झालेला. त्याला ही नळी भलतीच आवडली. "थांबा सर, आमची बंद करून बघतो."

पाणी हनुवटीपर्यंत चढलं. ते बघायला गल्ली लोटली. शीलाताईंनी मोटार बंद केली, रामकिसननं केली. लक्ष्मणराव स्टुलावर चढले. शेवटची मोटार थांबली आणि पाणी बरोबर आठ फुटांवर पोचलं. टाळ्या पडल्या. उभ्या नोकरीत वर्गानं इतकं लक्ष दिलं नव्हतं. त्यांना अगदी भरून आलं.

"अहो, नळी काढा, टाकीचा पाइप जोडा!" दमयंतीबाई ओरडल्या.

"थांब गं, रीडिंग स्थिर होऊ दे."

"सर, नळी जाड आसती तर पाणी कमी चढलं आसतं का?" रामकिसननं विचारलं.

झालं! विद्यार्थ्याला शंका आली होती. लक्ष्मणरावांनी ती मुळापासून समजावायला घेतली. समजावून झाली तेव्हा पाणी हनुवटीवर होतं, मग पोटावर, मग नळी नुसतीच गुरगुरली. नळ गेला होता. लोक मोटारींकडे धावले, पण मोटारी हवाच ओढू लागल्या.

"आता आठवडाभर नळीच बघायची व्हय?" गल्ली त्यांच्यावर तुटून पडली. लक्ष्मणराव लालबुंद झाले, त्यांना गरगरलं. नीरजानं त्यांना आडवं केलं, आपलं रक्तदाबाचं पाऱ्याचं यंत्र आणून दंडाला पट्टा बांधला.

"बाबा, एकशे ऐंशी! ही गोळी घ्या आणि गप्प पडा."

सगळे एकदम ओशाळले. तेवढ्यात मुंजाबाची बायको सुगंधाबाई डोक्यावर हंडा घेऊन आली. "भांडताय कशाला? आमच्या ह्यांनी मोटार बंद केली, पर शेरडांच्या हौदाचा नळ तसाच चालू ऱ्हायला. हौद जमिनीत हाय, काठोकाठ भरलाय. पाव्हण्यांचं आधी भरू, मंग समद्यांनी न्या."

दमयंतीबाईंचा जीव भांड्यात पडला. मुंजाबा मात्र अजून पाऱ्याकडेच बघत होता. "सर, ह्ये एकशे ऐंशी म्हंजे पाण्याचं किती?"

विचारलेला प्रश्न सोडणं लक्ष्मणरावांच्या रक्तात नव्हतं. "पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड," ते डोळे मिटून पुटपुटले, बोटांवर हिशेब केला आणि एकदम उठून बसले. "आठ फूट! बरोबर आठ!"

"राहू दे ती मोटार," दमयंतीबाई हंडा ओतता ओतता म्हणाल्या. "पुढच्या वेळी तुम्हालाच जोडते टाकीला."