आमच्या आमदाराला कुणी नेईना

सरकार पडायला आलं की आमदारांचे फोन लागत नाहीत, ही आमच्या राज्याची जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे. त्यामुळे आमोणखोलचे अपक्ष आमदार कायतान रेबेलो यांनी त्या सोमवारी पहिल्याच घंटीला फोन उचलला, तेव्हा पलीकडचा माणूस गडबडला. तो गॅसवाला होता. आमदार स्वतः बोलतील अशी त्याची तयारीच नव्हती.

बाकीचे आमदार केव्हाच सुखरूप होते. मुख्यमंत्र्यांच्या बाजूचे एकोणीस शेजारच्या राज्यात डोंगरावर, विरोधकांचे एकोणीस त्याच्याही पलीकडे तलावाकाठी. लोकशाही धोक्यात असल्यामुळे दोन्हीकडे मालिशची सोय होती. सभापतींना मत होतं ते फक्त बरोबरी झाली तर. राहता राहिले कायतानबाब, आणि ते आपल्या घराच्या ओसरीवर बसून पेज पीत होते.

दोन्ही बाजूंनी त्यांच्या नावाचा विचार करून ते सोडून दिलं होतं. कायतानबाब आयुष्यभर फुटबॉलचे रेफरी. चर्चच्या वार्षिक फेस्ताच्या अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला, त्यांनी आपल्याच गावाविरुद्ध पेनल्टी दिली होती. त्या संध्याकाळी गावाने त्यांची स्कूटर विहिरीत ढकलली. पुढे राग निवल्यावर, असा माणूस काही विकला जायचा नाही, म्हणून त्याच गावाने त्यांना निवडून दिलं. अशा माणसाकडे बोलणी करायला जावं आणि त्याने भर रस्त्यात शिट्टी फुंकावी, ही जोखीम कोण घेणार? त्यात त्यांनी वर्तमानपत्राला सांगून टाकलं होतं, "सभागृहात दोन्ही बाजूंचं ऐकेन आणि मग मत देईन." हे बोलणं दोन्ही पक्षांना सभ्यतेला सोडून वाटलं.

सुरुवातीला गावाची छाती फुगली. तिंट्यावर, म्हणजे गावच्या बाजारचौकात, मिंगेलने आपल्या फेणीच्या दुकानात जाहीर केलं, "आमचा पात्रांव, आमचा मालक बघा. हलला नाही जागचा." पण मंगळवारी नदीपलीकडून फटाके ऐकू आले. कुडतळ्याचे आमदार सगुण पर्वतकर यांना एका बाजूने नेलं होतं, दुसऱ्या बाजूने हॉटेलच्या लिफ्टमधून पळवलं होतं आणि पहिलीने पुन्हा स्वयंपाकघराच्या दारातून परत आणलं होतं. कुडतळ्याचे लोक फेरीबोटीतून पेढे घेऊन आले. सगुणच्या पहिल्या उडीत त्यांना रस्ता मिळाला होता, दुसरीत इस्पितळ, आणि आता ते तरणतलाव मागत होते. आमोणखोलला नदीवर साधा पूल नव्हता.

बुधवारी तिघं जण कायतानबाबांकडे आले. मिंगेल, शाळेतून निवृत्त झालेले रामनाथ मास्तर आणि मासळी विकणारी पाउलिनबाय.

"पात्रांव, तुमचं कुणाशी काही बिनसलंय का?" मिंगेलने विचारलं.

"नाही. का?"

"मग कुणी आलं कसं नाही न्यायला?"

"अरे, मी विकाऊ नाही हे माहीत आहे त्यांना. तुम्हीच नाही का मला त्यासाठी निवडून दिलं?"

"दिलं ना," रामनाथ मास्तर समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण कायतानबाब, मागणी आली आणि नाही म्हटलं, तर ती निष्ठा. मागणीच आली नाही, तर तुम्ही नुसते घरी आहात."

पाउलिनबायने पदराने कपाळ पुसलं. "काल कुडतळ्याच्या बाजारात बांगडे घेऊन बसले होते. तिथली एक मेली मला विचारते, तुमच्याला अजून कुणी नेलं नाही का गं? असं विचारते, जशी काय माझी पोर लग्नाची राहिलीय."

कायतानबाबांना वाईट वाटलं. त्यांना वाटत होतं, आपल्या सरळपणाचं गावाला कौतुक आहे. तसं ते होतंही, फक्त ते दुसऱ्या कुणी बोली लावल्यावर उपयोगी पडणारं होतं.

पाहुणे गेल्यावर त्यांची बायको एस्पेरान्सा म्हणाली, "कायतान, मागच्या खोलीत जा. नारळाच्या ढिगामागे गादी टाकते. दोन दिवस कुणाला दिसू नकोस, बाकीचं गावाच्या जिभा बघून घेतील."

"हा फाउल आहे, एस्पेरान्सा."

"कुणाला दिसला तर. रविवारी चर्चमध्ये सगळ्या बायका मला विचारणार. मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

सरकारं पाडणाऱ्यांपुढे न वाकलेला माणूस बायकोपुढे वाकला. आमदारांची जीप झावळ्यांखाली गेली, कायतानबाब नारळांमागे गेले आणि एस्पेरान्सा ओसरीवर येऊन, डोळे कोरडे असताना पुसू लागली.

पाउलिनबायने पाटी उतरवायच्या आत गावभर झालं. आमचाही नेला! मिंगेलने फेणी फुकट वाटली, फेस्ताचा बँड आला, कायतानबाबांच्या फोटोला हार घालून मिरवणूक निघाली आणि ती मुद्दाम नदीकाठाने गेली.

ही बातमी डोंगरावर पोचली तेव्हा त्यांची खात्री झाली की रेबेलो तलावाकाठी आहे. तलावाकाठच्यांना तो डोंगरावर आहे याबद्दल शंका नव्हती. घाबरून दोघांनीही तो आपल्याकडे असल्याचं जाहीर केलं. एका वाहिनीवर कायतानबाब तलावाकाठी आनंदात असून सकाळी योगासनं करतात, असं कळलं. दुसरीवर त्यांनी डोंगरावर मुख्यमंत्र्यांच्या गळ्यात पडून अश्रू ढाळले. राज्यपालांना दोन्ही बाजूंनी वीस-वीस मतं असल्याचं कळवण्यात आलं. एकोणचाळीस मतांच्या सभागृहात अशी चाळीस मतं भरली, आणि ही वाढ राज्याच्या प्रगतीचं लक्षण म्हणून दोन्ही पक्षांनी स्वागतार्ह मानली.

नारळांमागे रेडिओ ऐकत बसलेल्या कायतानबाबांना मात्र राहवेना. त्यांना लाज वाटली आणि संतापही आला. आयुष्यात ज्या एका गोष्टीला ते जपत आले, ते त्यांचं नाव दोन ठिकाणी मालिश करून घेत होतं. शुक्रवारी सकाळी, मतदानाच्या दिवशी, ते सरळ तिंट्यावर जाऊन उभे राहिले. डोक्यावर त्यांच्याच अभिनंदनाचा फलक होता.

"मी कुठेही गेलो नव्हतो," ते म्हणाले. "माझ्याच घरात होतो. कुणी मला विचारलं नाही, कुणी मला नेलं नाही. आता मी पणजीला जातो आणि माझं मत देतो."

पुन्हा स्कूटर विहिरीत जाणार, अशी मनाची तयारी करून ते उभे होते. पण कुणी ओरडलं नाही. मिंगेलने हळूच दुकानाची फळी ओढून घेतली.

"म्हणजे तुम्ही कुठे आहात हे त्या दोघांनाही ठाऊक नाही?" रामनाथ मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"आणि आम्हाला ठाऊक आहे."

मग पाउलिनबाय मायेने म्हणाली, "पात्रांव, ऊन किती झालंय. तुम्ही आत चला बघू."

त्यांना कुणी ओढलं नाही की ढकललं नाही. सगळ्यांनी मिळून सन्मानाने घरापर्यंत पोचवलं, मागच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. एस्पेरान्साने आत लिंबाचं सरबत पाठवलं.

ओसरीवर पाच जणांची ग्रामहित समिती स्थापन झाली. डोंगराला फोन गेला, तलावालाही गेला. दोघांनीही पूल कबूल केला. मग पूल गावातल्या वरच्या वाड्याला जोडायचा की खालच्या, यावर समितीत फूट पडली. खालच्या वाड्याचे दोन सदस्य अचानक दिसेनासे झाले. ते मिंगेलच्या मेव्हण्याकडे सुरक्षित असून कोंबडीची शागुती खात असल्याचं समजलं. त्यातला एक परसदारातून पळून वरच्या वाड्याला मिळाला, तेव्हा समितीचा नवा अध्यक्ष निवडावा लागला आणि दुपारपर्यंत तोही बदलला. आतून कायतानबाब दार ठोठावत होते.

"अरे, मला मत द्यायचंय!"

"देणार ना पात्रांव," बाहेरून उत्तर आलं. "कुणाला ते ठरू दे की आधी."

ते ठरेपर्यंत पणजीत मतदान उरकलं. एकोणीस विरुद्ध एकोणीस. सभापतींना लपवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांनी आपलं निर्णायक मत टाकलं, सरकार पडलं आणि संध्याकाळी नव्या मुख्यमंत्र्यांच्या शेजारी ते उपमुख्यमंत्री म्हणून उभे होते. पूल त्यांच्या मतदारसंघाला मिळाला. तिथे नदी नाही, पण ती सोय नंतर होणार होती.

कॅमेरा घेऊन वाहिनीची एक मुलगी आमोणखोलला आली, तेव्हा रामनाथ मास्तर ओसरीवरच होते.

"काय सांगायचं तुम्हाला," ते खिन्नपणे म्हणाले. "तत्त्व म्हणून काही राहिलंच नाही राजकारणात. ज्याला त्याला आपली पोळी भाजायची. आम्ही साधी माणसं काय करणार?"

"अगदी बाई," पाउलिनबाय म्हणाली. "सगळे मेले विकले गेलेत."

तेवढ्यात मागच्या खोलीच्या खिडकीतून शिट्टी वाजली. रेफरीची, लांबलचक, सामना थांबवणारी. फाउलची शिट्टी गावात सगळ्यांना ओळखू येते. मास्तरांनी मिंगेलकडे पाहिलं, मिंगेलने पाउलिनबायकडे, पाउलिनबायने वरच्या वाड्याकडे आणि वरच्या वाड्याने खालच्याकडे. आपल्या हातून फाउल झाला असेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही. तुमच्याही आता कुणीतरी दुसराच डोळ्यांसमोर आला असेल.