लाकूड बसेपर्यंत कूलर बंद

अख्ख्या नागपुरात लाकडाची पारख माझ्याइतकी कुणाला नाही. खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये लाकडाच्या गोदामावर चोवीस वर्षं काढली. (मागल्या साली मी सागवान म्हणून आणलेला पाट पहिल्याच पंगतीत मोडला. वर व्याही बसले होते. ते सागवान नव्हतं, हे मी तेव्हा सगळ्यांच्या आधी ओळखलं.)

सत्त्याहत्तरचा मे. आमच्या शामलाला गिटार हवी होती. सावनेरचे तिचे मामा, मारोतराव, म्हणाले, "तुम्ही काहून तकलीफ घेता भाऊजी? मी घेऊन देतो ना!"

माझ्या पोरीला मेहुण्यानं गिटार द्यायची अन् मी नुसत्या टाळ्या वाजवायच्या? भर घरात सांगून टाकलं, "गिटार मी बनवीन! एक जूनपर्यंत फळीले फळी चिकटली नाही, तं मग तुम्ही विकत आणा."

नागपूरच्या सदर मोहल्ल्यात गिटार बनवणारे एक मास्तर होते. त्यांनी देवदाराच्या पातळ फळ्या दिल्या अन् बजावलं, "गिटार ज्या घरात राहणार, त्या घरची हवा आधी लाकडाच्या अंगी मुरू द्या. रोज वजन करा. वजन हलायचं थांबलं की जोडा."

मधल्या खोलीत, फळ्यांमध्ये काड्या घालून, थप्पी रचली. त्याच खोलीत कूलर. लाकडाला ओली हवा नको, म्हणून तो बंद करून टाकला.

"मे महिन्यात?" आमची तुळसाबाई म्हणाली. "डोकं ठिकाणावर हाये ना?"

"तीन हप्त्याचा सवाल हाये वं. तपश्चर्या लागते."

(तपश्चर्या मी रोज दुपारी बारा ते पाच पलीकडच्या गल्लीतल्या माझ्या दोस्ताच्या, नत्थूजीच्या, कूलरसमोर करत असे. पत्ते खेळता खेळता तिथंच लवंडायचं. घरी सांगायचो, पेन्शनरांची सभा आहे. रविवारी सभेला सुट्टी.)

संध्याकाळी येऊन फळी तराजूत घालायचो. सोमवारी भरली चारशे बारा ग्रॅम, मंगळवारी चारशे अठरा. नागपूरच्या मेमध्ये माणसाचा पापड होतो, अन् हे लाकूड अंगानं भरत होतं! रविवारी मी दिवसभर घरात घाम पुसत बसलो, तर वजन उतरून चारशे चार. सोमवारी सभेला गेलो, पुन्हा चढलं. दोन हप्ते हेच.

शेवटी माझ्या डोक्यात उजेड पडला. "शामले, मी घरी असलो का लाकूड सुकते, बाहेर गेलो का फुगते. त्याले माझी सवय लागून राहिली!"

शामलाला एकदम ठसका लागला.

"मुकं लेकरू हाये," तुळसाबाई म्हणाली, "जीव लावते तुमाले." (बायकोला लाकडातलं कळू लागलं म्हणून मी खूश.)

एक जूनला चार दिवस उरले. मारोतरावांचं पोस्टकार्ड आलं : गिटार काळी आणू की लाल?

आता हटायचं नाही, ठरवलं. लाकडाला माझी सोबत पाहिजे ना, मग चोवीस तास देऊ. (हे नत्थूजीकडे लोळता लोळताच ठरवलं.) हातातले पत्ते टाकले, खिशात कांदा घातला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला अन् भर दोनच्या उन्हात निघालो. इतका निर्धार मी लग्नाला उभा राहतानाही केला नव्हता.

गल्लीतच घरघर ऐकू आली. आमचा कूलर! आत तुळसाबाई, शामला अन् नत्थूजीची रंभाबाई टरबूज खात पसरलेल्या. माझी सगळ्यात चांगली फळी कूलरपुढे तिरपी उभी, सगळा वारा तुळसाबाईकडे वळावा म्हणून. फळीवरून पाणी ओघळत होतं.

"हे काय करून राहिली वं? मारोतरावापुढं माझी इज्जत गेली ना! एका हवेतलं लाकूड दुसऱ्या हवेत तडकते, कितींदा सांगू? अन् रंभावैनी, घरी कूलर असून तुम्ही इथं काहून?"

"तीन हप्ते झाले भाऊजी, आमच्या कूलरसमोर तुम्हीच लोळून राहिले," रंभाबाई म्हणाली. "मले जागा कुठी हाये?"

मी लगेच आवाज उतरवला. "बरं, जाऊ दे. उन्हातून आलो वं, तुळसे. जराशी सरक, मले बी बसू दे."

तुळसाबाई तसूभर हलली नाही. टरबुजाची बी ताटलीत टाकून म्हणाली, "नाही बाप्पा! तीन हप्ते नत्थूजीच्या घरची हवा मुरली तुमच्या अंगात. इथं बसवलं अन् तडकले, तं मी कोनाले जबाब देऊ?"