सुखद प्रतीक्षा योजना आणि दाजींचे बीजगणित

दोन डिलिव्हरींच्या मधल्या रिकाम्या वेळात व्हॅनचालकाने नेमके काय करावे, याबाबत कंपनीचे कोणतेही लेखी धोरण नव्हते. ही गंभीर त्रुटी बावीस वर्षे कोणाच्याही लक्षात आली नव्हती. चालक आपापल्या मगदुराप्रमाणे वाट पाहत होते आणि पार्सले लोकांच्या घरी पोचत होती.

दाजी त्या चालकांपैकीच एक. गोदामातल्या एका लोडरच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. तो त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून कारकुनापासून साहेबांपर्यंत सगळ्या कंपनीचेच ते दाजी झाले होते. फेरी संपली की दाजी व्हॅन फर्निचरच्या दुकानामागे, भिंतीच्या सावलीत लावत. सीट दोन खाचा मागे, कमरेला बायकोने जुन्या दुलईची शिवलेली उशी, थर्मासमधला चहा झाकणात आणि स्टिअरिंगला टेकवलेले बीजगणिताचे पुस्तक. पुढचे काम फोनवर येईपर्यंत कधी वीस मिनिटे मिळत, कधी चाळीस. तेवढ्यात दोन वर्गसमीकरणे सुटत. कधी एकच सुटे, आणि तेही चुकीचे.

बीजगणित ही काही दाजींची हौस नव्हती. शाळेत गणिताने त्यांचा घात केला होता आणि शाळेचे प्रमाणपत्र राहिले ते राहूनच गेले. आता कमरेच्या तीन मणक्यांनी संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले होते, "व्हॅन सोडा, नाहीतर कंबर सोडा." कंपनीत खुर्चीत बसून करण्याजोगे एकच काम होते, ते कंट्रोलरचे. कोणत्या चालकाला कोणती फेरी द्यायची, हे त्याने ठरवायचे. सध्याचे कंट्रोलर तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते. त्या खुर्चीला प्रमाणपत्र हवे होते, आणि प्रमाणपत्रासाठी तेवढा गणिताचा पेपर. पेपरला पाच आठवडे उरले होते. कॉलेजात शिकणारी लेक रोज दहा गणिते लिहून द्यायची आणि तपासताना "बाबा, चिन्ह बघा, चिन्ह!" म्हणत कपाळावर हात मारून घ्यायची. घरी पाठ टेकली की दाजींना दोन मिनिटांत झोप लागत असे. तेव्हा जे काही व्हायचे ते व्हॅनमध्येच होणार होते.

अशातच एका मंगळवारी व्हॅनच्या काचेवर टकटक झाली. बाहेर गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब्लेट घेतलेल्या एक मॅडम उभ्या होत्या.

"नमस्कार. मी प्रतीक्षा अनुभव अधिकारी."

"बरं. कोणाची वाट बघताय?" दाजींनी आदराने विचारले.

"मी नाही, तुम्ही. चालकांनी वाट बघताना आरामात असावं आणि काहीतरी चांगल्या कामात गुंतलेलं असावं, म्हणून कंपनीने 'सुखद प्रतीक्षा' योजना आणलीय. सांगा, आत्ता दहापैकी किती सुखात आहात?"

दाजींनी कंबर हलवून पाहिली. "नऊ."

मॅडमचा चेहरा पडला. "नऊ?"

"चहा जरा निवलाय. नाहीतर साडेनऊ म्हटलं असतं."

"अहो, पण सहा आठवड्यांत सुखात चाळीस टक्के वाढ दाखवायचीय."

अभ्यास ताजा असल्यामुळे दाजींनी लगेच हिशोब केला. "नवाचे चाळीस टक्के तीन पूर्णांक सहा. म्हणजे साडेबाराच्या वर गेलं."

"आणि ते दहापैकी कसं बसवू मी?" मॅडम अगदी रडकुंडीला आल्या होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. हे पुढच्या सगळ्या प्रकारात लक्षात ठेवले पाहिजे, कारण ते विसरायला होते.

दुसऱ्या दिवशी पत्र आले. योजनेपूर्वीचे सुख हे अनधिकृत साधनांनी मिळवलेले असल्याने ते हिशोबात धरता येत नाही, सबब उशी आणि थर्मास गोदामात जमा करावेत. दाजींनी ते जमा केले. गुरुवारी त्यांनी दहापैकी तीन दिले. मॅडमनी मनापासून आभार मानले आणि म्हणाल्या, "आता आपल्याला काम करायला वाव आहे."

मग साहित्य आले. बसलेल्याची नोंद घेणारी एक अधिकृत उशी, जी दर दहा मिनिटांनी "आसन बदला" म्हणून शिट्टी मारायची. मनगटाला नाडी मोजणारा एक पट्टा. आणि फोनवर पाच मान्यताप्राप्त विरंगुळ्यांची यादी: दीर्घ श्वास, डोळे गोल फिरवणे, मान गोल फिरवणे, आज मी कोणाकोणाचा आभारी आहे याची टिपणे, आणि फुलपाखरू रंगवणे. प्रत्येकाला दहा मिनिटे. वाट पाहायला सुरुवात झाली की पट्ट्याला आपोआप कळत असे.

दाजींनी पहिल्याच दिवशी पट्ट्याच्या नाकावर टिच्चून पुस्तक उघडले. "क्ष" दिसताच नाडी एकशे बारावर गेली आणि फोन बोलला, "आपण तणावात आहात. हातातील वस्तू खाली ठेवा आणि फुलपाखरू घ्या."

दाजींनी रीतसर अर्ज केला की बीजगणिताचा विरंगुळ्यांत समावेश व्हावा. नऊ दिवसांनी समितीचे उत्तर आले. विनंती तत्त्वतः मान्य आहे, मात्र बीजगणितामुळे सुख मिळाल्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या दोन व्यक्तींचे लेखी निवेदन जोडावे.

लोडर मेव्हणा पत्र वाचून म्हणाला, "दाजी, दोन माणसं कुठून आणणार तुम्ही? आमचे गणिताचे मास्तर होते, पण तेही तासाला रडवेलेच असायचे."

"तुझी बहीण म्हणते, खोटंच आजारी पडा आणि रजा घेऊन अभ्यास करा."

"पट्टा आहे ना हाताला. त्याला कळतं. मुळात तुम्ही नऊ म्हणालातच कशाला? कोणी तब्येत विचारली तर 'चाललंय' म्हणावं माणसानं!"

पाच विरंगुळ्यांना पन्नास मिनिटे लागत आणि काम वीस मिनिटांत येई. दाजी अर्धे फुलपाखरू टाकून व्हॅन सुरू करत. फोनवर लाल अक्षरे उमटत: प्रतीक्षाभंग. एकट्या दुसऱ्या आठवड्यात कंपनीत नऊशे चार प्रतीक्षाभंग झाले. साहेबांनी बैठक घेतली. चालकांच्या सुखात कामाचा वारंवार व्यत्यय येत असल्याचे त्यांनी खेदाने नमूद केले आणि आदेश काढला की प्रतीक्षा पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही फेरी देऊ नये.

त्यानंतर गोदामात पार्सले छताला लागली. बाहेर ओळीने चाळीस व्हॅन उभ्या असत आणि चाळीस बाप्ये गंभीरपणे माना फिरवत असत. एक काम झाले की दाजी पन्नास मिनिटे सुख घेत, मग पुढचे काम. त्यांच्या सुखाची टक्केवारी चढत गेली आणि महिन्यापूर्वी सुटणारी समीकरणे आता सुटेनाशी झाली. सूचनाफलकावर त्यांचा फोटो लागला. खाली लिहिले होते, "आदर्श प्रतीक्षक". कंट्रोलरच्या जागेची जाहिरातही त्याच फलकावर होती. तिच्यात नवी अट घातली होती: प्रतीक्षा गुणांक नव्वदच्या वर हवा. दाजींचा ब्याण्णव होता. त्यांना पहिल्यांदा वाटले की योजनेत तथ्य असावे. माणूस स्वतःचा फोटो बघून पाघळतो, दाजीही पाघळले.

पेपरच्या दिवसासाठी त्यांनी रजा मागितली. मॅडमनी हसतमुखाने मंजूर केली. "फक्त पट्टा काढू नका हं."

"रजेवर आहे ना मी?"

"गाडी चालवण्यातून रजा आहे. वाट बघण्यातून रजेची तरतूद नाही."

परीक्षा अकराला होती. दाजी साडेदहाला शाळेच्या व्हरांड्यात पोचले आणि पोराटोरांच्या मध्ये बाकावर बसले. पट्ट्याने ताबडतोब ओळखले की हा माणूस कशाची तरी वाट पाहत आहे. फोन बोलला, "सुखद प्रतीक्षा सुरू."

दाजींनी निमूटपणे दीर्घ श्वास घेतले. डोळे फिरवले. शेजारची मुलगी पुस्तक घेऊन दोन बाक लांब जाऊन बसली. मान फिरवून झाली तेव्हा घंटा झाली. आभार आणि फुलपाखरू बाकी होते. आत जावे तर प्रतीक्षाभंग आणि गुणांक नव्वदच्या खाली. न जावे तर प्रमाणपत्र गेले. दोन्हीकडून खुर्ची जात होती. दाजी दाराशी क्षणभर थांबले. मग लेकीने काल कपाळावर हात मारून न घेता "येतंय हो बाबा तुम्हाला" म्हटले होते ते त्यांना आठवले, आणि ते आत गेले. पर्यवेक्षकांनी फोन काढून खिडकीत ठेवला. तिथून तो मधूनमधून "आपण कोणाचे आभारी आहात?" असे विचारत राहिला.

दाजी बेचाळीस गुणांनी पास झाले. लेक घरभर नाचली, मेव्हण्याने गोदामात शिट्ट्या मारल्या. प्रमाणपत्र कडक इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात घालून दाजी मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले.

"अभिनंदन! पण गुणांक एकोणनव्वद झालाय हो तुमचा," मॅडम खरोखर हळहळल्या. "त्या दिवशी एक प्रतीक्षा अपुरी राहिली."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच दाजींचा आवाज चढला. "मला एक सांगा, हे सगळं मागितलं कोणी? मी मागितलं? का या चाळीस जणांनी?"

मॅडमनी टॅब्लेट त्यांच्याकडे वळवला. "ग्राहकांनी. आम्ही प्रत्येकाला विचारलं होतं, 'आमचा चालक वाट पाहताना सुखात असावा, असं आपल्याला वाटतं का?' शहाण्णव टक्के लोक 'हो' म्हणाले. एवढी माणुसकी बघून साहेबांना गहिवरून आलं होतं."

"आणि 'नाही' कोण म्हणालं?"

"'नाही' ठेवलंच नव्हतं. असं कोण म्हणेल? 'हो' आणि 'नंतर सांगतो' एवढंच होतं."

मॅडमनी यादी खाली सरकवली आणि एका ओळीवर दाजींना स्वतःचा फोन नंबर दिसला. बायकोसाठी मिक्सरचे भांडे मागवले होते. ते कुठवर आले ते फोनवर बघायला गेले तर मध्येच कसलासा चौकोन आला होता. तो बाजूला होईना, म्हणून त्यांनी न वाचताच "हो" दाबले होते. त्यांनी खिशातले प्रमाणपत्र चाचपले आणि ते व्हॅनकडे गेले.

ती यादी बरीच लांब आहे. तुमचाही नंबर तीत आहे. उरलेल्या चार टक्क्यांनी "नंतर सांगतो" दाबले होते, त्यांची पार्सले अजून गोदामातच पडून आहेत. तुमचे वेळेवर आले होते ना?