कवळीचा चौक

दोन हजार नऊ साल. थोरल्या नातीचे दुधाचे दात पडले आणि शहराबाहेरच्या मॉलचं छत उतरवलं, ते एकाच वर्षी. म्हणून शिलाईवाल्या काकूंच्या ते पक्कं लक्षात आहे.

त्या मॉलच्या कोपऱ्यात काकूंचं कपडे ढिले-घट्ट करून देण्याचं दुकान होतं. मॉल तोवर ओस पडत चालला होता. सरकता जिना दिवसभर रिकामाच वर जात असे. शेवटी मालकांनी ठरवलं की छत काढायचं, मोटारी लांब ठेवायच्या आणि माणसांनी पायी हिंडावं अशी मोकळी पेठ करायची. या कामावर एक तरुण आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी आतली फरशी उखडली, पार्किंगचं डांबर खरवडलं आणि सगळीकडे गवत लावून टाकलं.

"रस्ते मी आखणार नाही," त्यांनी दुकानदारांना बोलावून सांगितलं. "लोक जिथून चालतील तिथलं गवत मरेल. तिथेच फरशी घालू."

"आणि जिथलं गवत मरणार नाही तिथे?" काकूंनी विचारलं.

"तिथे फुलझाडं."

काकू हिशेब करू लागल्या. बसथांबा दुकानाच्या मागच्या अंगाला, आणि दार पुढच्या. एवढा वळसा घालून कोण येणार?

"म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांनी काय फुलपाखरं होऊन यायचं?" घरी आल्या आल्या त्या कडाडल्या. "ते काही नाही. उद्यापासून घरातल्या सगळ्यांनी बसथांब्यापासून माझ्या दारापर्यंत चालायचं. पाय घासत!"

"अगं, मी माणूस आहे, रोडरोलर नाही," काका म्हणाले.

"वजन बघता काही फार फरक नाही हो, दादा," त्यांची बहीण म्हणाली. काकू तिला वन्सं म्हणत. वन्संना कुठेही जायला आवडे, फक्त सोबत खायला काहीतरी लागे.

सकाळी काकूंनी घाई करून दोघांना बाहेर काढलं आणि वरात निघाली. पुढे काकू, मागे काका, त्यांच्या मागे बिस्किटांचा पुडा घेऊन वन्सं. दुकानाच्या पिछाडीला पोचले असतील नसतील, तोच वन्संनी काकांना बिस्किट दिलं. काकांनी ते तोंडात घातलं, चावायला गेले आणि जागच्या जागी थिजले.

"कवळी!" ते पुटपुटले. "पडली वाटतं!"

झालं. तिघंही वाकून गवत चाचपू लागले. एवढ्यात चष्म्याचे दुकानदार आले.

"काय हरवलंय, काकू?"

आता चारचौघांत नवऱ्याचे दात हरवले म्हणून कसं सांगायचं? काकू गवतच चाचपत राहिल्या. वन्सं मात्र ठसक्यात म्हणाल्या, "आहे एक घरातली मौल्यवान वस्तू. आमच्या दादांच्या अगदी जिवाजवळची."

चष्मेवाले धावत जाऊन भिंग घेऊन आले. त्यांचं बघून बसमधून उतरलेले लोकही थांबले. कुणी म्हणे अंगठी, कुणी म्हणे हिरा. दुपारपर्यंत निम्मी बाजारपेठ दुकानामागे गोल गोल फिरत होती.

संध्याकाळी काकू दमून घरी आल्या. मोरीच्या कट्ट्यावर ग्लास होता, आणि ग्लासात कवळी होती. मजेत, हसत.

"अहो! तुम्ही सकाळी ती लावलीच नव्हती!"

"तू लावू दिलीस कुठे? चपला घालायला वेळ दिलास तेच पुष्कळ."

"उद्या जाऊन सांगू या, सापडली म्हणून," काकू म्हणाल्या.

"आणि दाखवा म्हणाले तर?" वन्संनी विचारलं. "दादा काय तोंड उघडून दाखवणार?"

म्हणून सांगायचं राहूनच गेलं. लोक मात्र येत राहिले. कुणी डबा घेऊन आले, कुणी घडीच्या खुर्च्या. दोन शेजारणी वर्षभराचा अबोला विसरून एकाच झुडपात हात घालून बसल्या. मागचं गवत गोलाकार साफ झालं. सगळे मागेच जमल्यामुळे काकूंच्या दारापुढचं गवत मात्र गुडघाभर वाढलं.

पाहणीला आलेल्या आर्किटेक्ट बाई त्या गोलाकडे बघतच राहिल्या.

"काय सुंदर! लोकांनी आपला चौक आपणच शोधलाय. इथे झाड लावू, बाकं ठेवू."

"आणि माझ्या दारापुढे?" काकूंनी विचारलं.

"तिथे झेंडू छान येईल."

काकू दुकानात जाऊन मशीनसमोर डोक्याला हात लावून बसल्या. दुकान बंद करायची भाषा सुरू झाली. काकांनी मागची भिंत ठोकून बघितली. मग म्हणाले, "अगं, लोकांच्या विजारी आतबाहेर उलटून शिवतेस ना तू? मग दुकानच उलटं करू की."

महिन्याभरात मागची भिंत फुटली, मोठी काच लागली आणि मशीनचं तोंड चौकाकडे झालं. बाकावर बसलेल्या माणसाची नजर उसवलेल्या बाहीवर गेली, की समोर काकू सुई ओवून तयारच.

आर्किटेक्ट बाई पुढे मोठ्या झाल्या. परदेशात त्या चौकाचं चित्र दाखवून लोकांच्या उपजत शहाणपणावर भाषणं देतात. त्या शेजारणींनी एकमेकींची मुलं सोयरिकीत बांधली. चष्मेवाल्यांना कुणी विचारलं, तर ते अजून तो हिराच होता असं सांगतात. वन्संची बाकावरची जागा ठरलेली आहे. नवीन माणूस दिसला की मौल्यवान वस्तूची गोष्ट त्या पहिल्यापासून सांगतात, आणि तो माणूस हळूच फरशीच्या फटीत डोकावतो.

आणि काका? परवाच त्यांना चौकात जोराची शिंक आली. कवळी उडाली ती थेट गटाराच्या जाळीतून खाली.

"पडली! कवळी पडली!" काका ओरडले.

बाकावरचा एकही माणूस हलला नाही. काचेआडून काकूंनी मशीनवरची मान वर केली.

"आधी घरी जाऊन ग्लासात बघा!"