भोगवट्याची आंघोळ

“ओसी येणार नाही म्हणजे नाही! आली तर खाली आवारात, नळाखाली, सगळ्या बिल्डिंगसमोर साबण लावून आंघोळ करीन!” बिल्डिंगमधल्याच घड्याळवाल्याने पार्किंगमध्ये छाती ठोकून सांगितलं.

“आणि नाही आली तर मी करीन!” सोसायटीचे चेअरमन पेटले. “लाव पैज!”

“तुम्ही कशाने कराल? ओसी नाही तर नळाला पाणी कुठलं? टँकरमध्येच उतरा!”

सगळे खिदळले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. बिल्डर चाव्या हातात ठेवून पसार झाला होता. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधलीय, आता खुशाल राहा, असं सांगणारं भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे हीच ती ओसी, मागेच राहिली होती. ती नाही म्हणून नळाची कायमची जोडणी नाही. टँकरचा भोंगा वाजला की सगळे बादल्या घेऊन धावत, आणि घड्याळवाल्याची बायको सगळ्यांच्या पुढे. ओसीसाठी खेटे घालून चेअरमनच्या चपला झिजल्या होत्या. त्यांना डिवचण्यात घड्याळवाल्याला भारी मजा यायची.

एके दिवशी पालिकेचा इन्स्पेक्टर आला. नकाशा उलगडून त्याने जिना पाहिला, गच्ची पाहिली, आग विझवायचे पाइप ठोकून पाहिले. सगळं जिथल्या तिथे. चेअरमनचा चेहरा फुलत चालला, घड्याळवाल्याचा पडत चालला. मागच्या बाजूला येऊन इन्स्पेक्टरने वर बोट केलं.

“तिसऱ्या मजल्यावर नकाशात उघडी बाल्कनी आहे. इथे तर खोली दिसतेय. कुणाची?”

सगळ्यांनी घड्याळवाल्याकडे पाहिलं. घड्याळवाल्याने आभाळाकडे पाहिलं.

बाल्कनीला काचा ठोकून त्याने आत आपला घड्याळदुरुस्तीचा कारखाना थाटला होता. भिंतभर घड्याळं, आणि त्या टिकटिकीत बायकोच्या हाका ऐकूच येत नसत.

“हे आधी काढा, मग ओसी. पुढच्या आठवड्यात परत येतो,” म्हणून इन्स्पेक्टर गेला.

“म्हणजे मी जिंकलो!” घड्याळवाला ओरडला. टाळी द्यायला कुणी पुढे आलं नाही.

“जिंकलात ना?” बायको गोड आवाजात म्हणाली. “मग आजपासून टँकरचं पाणी तुम्हीच भरायचं. तिसऱ्या मजल्यापर्यंत.”

दोनच खेपांत पैजेची हौस फिटली. काचा उतरल्या. पण घड्याळं ठेवायची कुठे? घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात मांडली, तर चेअरमन धावत आले.

“उचल आधी! आग लागली तर लोक पळतील कुठून?”

पार्किंगमध्ये नेली.

“लेका, नकाशात इथे गाड्या आहेत, घड्याळं नाहीत!”

गच्चीवर नेली.

“टाकीजवळ अडगळ चालत नाही!”

“मग यांची जागा नकाशात तुम्हीच दाखवा,” घड्याळवाला शांतपणे म्हणाला. “नाहीतर लावतो परत काचा.”

हाताशी आलेली ओसी निसटणार म्हटल्यावर चेअरमनना घाम फुटला. “माझ्या हॉलमध्ये ठेव बाबा! पण काचा लावू नकोस!”

ओसी आली. मागोमाग नळही आला. सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळी बिल्डिंग खिडक्यांत लटकली आणि घड्याळवाला पंचा गुंडाळून आवारातल्या नळाखाली बसला. समोर खुर्ची टाकून चेअरमन बसले होते, पण जिंकलेल्या माणसाचा चेहरा काही असा नसतो. डोळे तांबारलेले. हॉलमधल्या एकाही घड्याळाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. रात्रभर एकाचे टोले संपले की दुसऱ्याचे सुरू.

नळाला धो धो पाणी होतं. असली आंघोळ घड्याळवाल्याने या घरात आल्यापासून केली नव्हती. त्याने डोक्याला फेस केला, गाणं धरलं.

“अहो, मान राहिली!” वरून बायको ओरडली. लोक हसून लोळले.

“पुरे! फिटली पैज!” चेअरमन उठले. “चल, घड्याळं ने आता!”

“नेतो की. कुठे ठेवू, तेवढं नकाशात बघून सांगा.”

तेवढ्यात चेअरमनच्या हॉलमधून टोले सुरू झाले. एकाचे संपले, दुसऱ्याचे सुरू झाले. चेअरमननी कानांवर हात दाबले.

“अरे, ने रे बाबा! पाहिजे तर तुझ्याऐवजी मी बसतो नळाखाली!”

घड्याळवाला जरासा बाजूला सरकला आणि त्याने साबण पुढे केला.