नावेत माणसं कुठंयत?

दगडूआबांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण जगातल्या झाडून साऱ्या जहाजांत माल चुकीचा भरलेला असतो, याची त्यांना पक्की खात्री होती.

"हे बघा बापू," माझ्यापुढं पोस्टाचं एक तिकीट ठेवून ते म्हणायचे, "मागून दबलंय. सगळा बोजा शेपटाकडं टाकलाय लेकांनी. हे बुडतंय, लिहून ठेवा!"

मी काही लिहून ठेवत नसे. नवीन जालन्यात एका मारवाडी शेठजींच्या रुईच्या पेढीवर मी पत्रं लिहायचो, आणि आबा तिथलेच शिपाई. त्याआधी उभी हयात त्यांनी तीर्थपुरीच्या खालच्या अंगाला गोदावरीवर नाव चालवली. मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यानंतर नाव सोडून ते जालन्याला आले आणि मस्तगडात एक खोली घेऊन एकटेच राहू लागले. सगळं गाव त्यांना कप्तान म्हणायचं. चिडवायला म्हणायचं, पण आबा खुशाल ओ द्यायचे.

तर निजाम सरकारच्या मुलखातले हे कप्तान पोस्टाच्या तिकिटांवरची जहाजं गोळा करायचे. फक्त जहाजं. वाघ, हत्ती, राण्या, किल्ले, कशाकडं ढुंकून पाहायचे नाहीत. आपल्या सरकारच्या तिकिटावर तेव्हा नुसती अक्षरं असायची, त्याला त्यांची हरकत नव्हती. राग होता तो बिलायतेवर. "एवढ्या जहाजांचा धनी, अन् छापतो काय तर सोताचं तोंड!"

तिकिटं यायची शेठजींच्या मुंबईच्या दलालाकडून. तो भला माणूस रद्दी लिफाफ्यांचा गठ्ठा धाडायचा. पण आबांना दम कुठला? खिशात कायम एक ओलं फडकं. लिफाफा दिसला की फडकं तिकिटावर दाबायचं, गोंद सुटला की अलगद उचलायचं, आणि घरी जुन्या पंचांगाच्या पानावर खळीनं चिकटवायचं. एकदा शेठजींनी फोडायच्या आधीच आबांनी एका लिफाफ्यावर फडकं ठेवलं. आतली शाई अशी फुटली, की रुई घ्या लिहिलंय का विका लिहिलंय, तेच समजेना. शेठजी थयथय नाचले. आबा शांतपणे तिकीट वाळवत म्हणाले, "शेठजी, चीनचं हाय. शिडाचं. लई जुनं काम."

ते चीनचं तिकीटही त्यांनी नापास केलं. शिडाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार नेहमीचीच होती.

"माणसं कुठंयत?"

"आबा, एवढ्याशा तिकिटात माणसं कशी मावतील?"

"मंग नाव तरी कशी मावली? नाव छापायला जागा हाय, अन् बसणाऱ्याला न्हाई? रिकामी नाव म्हंजी काय बापू, लाकूड!" मग ते मला समजावून सांगायचे की बैल मधोमध उभे करायचे, माणसं दोन्ही कडांनी, आणि बायामाणसं नावाड्याच्या समोर, म्हणजे भ्याली तर त्याला दिसतात. दोन पंचांगं भरली, पण माणसं असलेली नाव काही मिळाली नाही. येईल त्या तिकिटाला आबा भिंग लावायचे, आणि भिंग खाली ठेवताना त्यांचं तोंड पार उतरलेलं असायचं.

आणि एक दिवस दुपारी आबा स्टेशनाच्या पोस्टातून पळत आले. साठीचा माणूस, पागोटं हातात!

"बापू! माणसं! माणसं घावली!"

शेठजी गादीवरून ताडकन उठले. "कोण बुडालं?"

"बुडालं न्हाई, तरंगून राह्यलेत!"

माझ्यापुढं लिफाफा आपटला. इराकची तीन तिकिटं. दोन मशिदीची, आणि एक तपकिरी, त्यावर नदी. नदीत टोपल्यांसारख्या गोल होड्या, आणि त्यांत, खरंच की, माणसं!

"ही तर काईल!" आबा ओरडले. "बापू, ही आपली काईल हाय!"

काईल म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी लोखंडी कढई. पूर आला आणि नाव नसली, की आमच्याकडं लोक तिच्यात बसून नदी ओलांडतात. बगदादचेही लोक तसंच करतात हे पाहून मलाही काय आनंद झाला म्हणून सांगू! आबांचं फडकं तोवर बाहेर आलंच होतं.

"कुणाचं पत्र हाय?" त्यांनी सहज विचारलं. त्यांना वाचता येत नसे.

मी पत्ता वाचला. पेढीच्या मार्फत, जैनबखाला, मस्तगड. खाला म्हणजे करीमचाचा पिंजाऱ्याची म्हातारी बायको. चाचा बगदादच्या दर्ग्याला जियारतीला गेले, त्याला सात महिने झाले होते. आहेत का गेले, कुणाला ठाऊक नव्हतं.

आबांचा हात तिकिटावर होता तसाच थांबला. फडक्याची घडी करून त्यांनी ती खिशात घातली. "चला जल्दी," म्हणाले, आणि कुंडलिका ओलांडून आम्ही दोघं मस्तगडापर्यंत पळत गेलो.

मी पत्र वाचलं. चाचा आजारी पडले होते, आता बरे होते, बसऱ्याहून जहाज मिळालं की निघणार होते. खाला हसायला लागली, मधेच रडली, पुन्हा हसली. मग तिचं लक्ष आबांकडं गेलं. आबा लिफाफ्याकडं बघत होते.

"कप्तान, तुमकू तस्वीर होना ना? लेलेव."

मी म्हटलं, झालं, गंगेत घोडं न्हालं! पण आबा दोन पावलं मागं सरले.

"नको खाला. चाचा अजून पाण्यात हायेत. उतारू उतरल्याबगर नाव काढून घ्यायची न्हाई."

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. "अहो आबा, इतकी वर्षं शोधताय! उद्या उंदरानं लिफाफा खाल्ला तर?"

"खाऊ दे," आबा म्हणाले, आणि पेढीकडं चालू लागले.

पुढचे दोन महिने त्यांनी कसे काढले, मी पाहिलंय. रोज संध्याकाळी खालाच्या दारात उभे. "नाव हाय ना जागेवर?" खाला पत्र्याची पेटी उघडून लिफाफा दाखवायची. मुंबईहून तीन डोलकाठ्यांचं एक मोठं जहाज आलं, तर आबांनी त्याला शिवीसुद्धा दिली नाही! तेव्हा मात्र मला काळजी वाटायला लागली.

चाचा आले. स्टेशनावर अर्धं मस्तगड जमलं होतं. डब्याच्या दारात चाचा दिसताच आबा सगळ्यांना सारून पुढं घुसले, हात वर करून त्यांचा पंजा धरला आणि म्हणाले, "हां, सावकाश. आता टाका पाय." चाचांचे दोन्ही पाय फलाटावर टेकले तेव्हा आबांनी असा मोठा श्वास सोडला, की मला हसूच आलं.

दुसऱ्या दिवशी पेढीवर आल्या आल्या आबांनी खालानं दिलेलं तपकिरी तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं. वर भिंग दिलं. मग नखाच्या टोकानं मधल्या होडीतली एक आकृती दाखवली.

"ही सारजा."

"कोण सारजा?"

"आमची मंडळी. लगीन ठरलं, अन् गोदेला पूर. पल्याडचं गाव तिचं. नाव वाहून गेल्ती, मंग काईल घेतली. मी वल्हं मारून राह्यलो, अन् ही समोर. दोन्ही हातांनी कड धरल्ती. लई भ्याली होती बापू, अन् तरी हसून राह्यली होती." आबांनी तिकिटावरचं नख उचललं. "मानमोडीत गेली. फोटो न्हाई, काई न्हाई. आताशा तोंडच आठवंना झाल्तं."

मी भिंग डोळ्याला लावलं. एक तपकिरी ठिपका होता. बाई का पुरुष, कळायला मार्ग नव्हता.

"दिसली का?"

"दिसली," मी म्हणालो. "डोक्यावर पदर आहे."

"हौ! हिरव्या काठाचा!" आबांचे डोळे भरून आले होते. मग जवळ सरकून हळूच म्हणाले, "बराबर बसलीय ना बापू? नाव कलत तर न्हाई?"

इतक्या वर्षांत आबांनी मला नावेतलं काही विचारलं, ते हे पहिल्यांदा.

"बिलकुल न्हाई, आबा," मी म्हणालो. "सरळ चाललीय."