पिकरेल क्रॉसिंगची शंभर माणसं

पिकरेल क्रॉसिंगची गणती मी शंभरावर नेऊन दाखवणार, असं चर्चमधल्या पॅनकेकच्या नाश्त्याला मी छातीठोकपणे सांगून टाकलं. सांगणारच! गावचा अध्यक्ष आहे मी!

यंदाच्या जनगणनेत शंभराच्या खाली गेलो तर गाव बरखास्त आणि टाउनशिपमध्ये जमा. टाउनशिप म्हणजे आमच्या चहूबाजूंची मक्याची शेतं, आणि त्यांचा कारभारी माझा सख्खा मेव्हणा वेंडेल. त्याचा बर्फ काढणारा ट्रॅक्टर यायच्या आत बर्फ आपणहून वितळतो!

आम्ही भरत होतो अठ्ठ्याण्णव. पण माझ्याकडे हुकमाचा पत्ता होता. गावची हद्द डेल्बर्ट आणि व्हर्ना हुकस्ट्राच्या घराच्या मधोमध जाते. स्वयंपाकघर गावात, झोपायची खोली टाउनशिपमध्ये! आणि जनगणनेत माणूस जिथे झोपतो तिथला धरतात.

"डेल्बर्ट, पलंग स्वयंपाकघरात हलवायचा," मी म्हणालो.

"बघू या," डेल्बर्ट म्हणाला.

आमच्याकडे 'बघू या' म्हणजे साफ नकार. पण तोंडावर नाही म्हणणं इथे कुणाला जमत नाही, त्याचाच मी फायदा घेतला. शनिवारी आठ माणसं घेऊन हजर झालो. पलंग दारात अडकला, जसा काही त्यालाही गावात यायचं नव्हतं! दार काढलं. मग चौकट काढली. पलंग आत गेला तसा फ्रिज बाहेर आला.

"शेगडीला पाय लावून झोपू का मी?" व्हर्नाने विचारलं.

"थंडीत बरंच आहे की!" मी म्हणालो.

व्हर्ना हसली. कॉफी दिली, वर ॲपल-पायचा तुकडाही दिला. मी निघताना दारात अर्धा तास हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. आणि मी वळताच तिने माझ्या बायकोला फोन केला!

घरी आलो तर पायरीवर माझी बॅग.

"लोरेन, हे काय?"

"म्हाताऱ्या बाईला शेगडीजवळ निजवलंस! लाज नाही वाटत? जा, तूही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात झोप!"

"अगं, गावासाठी केलं!"

"मग गावालाच सांग, जेवायला घाल म्हणून!"

दोन दिवसांत निवळेल म्हटलं. सोय म्हणून तिच्या भावाकडे, वेंडेलकडेच, मक्याच्या शेतांतल्या त्याच्या घरी सोफ्यावर पडलो. लोरेन आठवडे गेले तरी निवळेना. तिकडे व्हर्ना मात्र खूश! अंथरुणातून हात लांबवला की कॉफी!

मग जनगणनेची बाई आली. हुकस्ट्रांकडे दोन माणसं, पलंगासकट, गावात. शंभर भरले! मी वेंडेलच्या अंगणात नाचायचाच बाकी होतो.

एवढ्यात लोरेनचा फोन.

"ती बाई येऊन गेली. घरात कोण झोपतं, विचारत होती."

"मग? काय सांगितलंस?"

"खोटं कशाला बोलू? एकटीच, म्हटलं."

"एकटी? लोरेन, नव्याण्णव झाले!"

"अरे देवा!" लोरेन म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटलं असावं, कारण जेवायला ये म्हणाली.

मी बॅग भरायला लागलो. वेंडेल दारात उभा होता, हातात कॉफी, चेहराभर हसू.

"सावकाश जा, भाऊजी," तो म्हणाला. "आमच्याकडे तुमची नोंद केव्हाच झाली!"